कारखाना परदेशी गेला, कामगाराचे काय? अमेरिकेतील साठ वर्षांच्या मदत योजनेचा आढावा

१ जुलै २०२२ पासून अमेरिकेच्या श्रम खात्याने एका प्रकारच्या अर्जांवर निर्णय देणे थांबवले. वाढत्या आयातीमुळे किंवा कारखाना परदेशी हलवल्यामुळे ज्यांची नोकरी गेली, अशा कामगारांचे हे अर्ज होते. ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, लघुरूपात टीएए, या नावाने १९६२ पासून चालत आलेल्या योजनेची मुदत संपली आणि अमेरिकी काँग्रेसने ती वाढवून दिली नाही. आधी पात्र ठरलेल्यांचे प्रशिक्षण आणि भत्ते चालू राहिले. नव्यांसाठी दार बंद झाले. योजना रद्द करावी असा ठराव कुणी मंजूर केला नव्हता. ती नुसती संपू दिली गेली.

तिच्यामागचा प्रश्न मात्र संपलेला नाही. खुल्या व्यापाराने देशाचा एकूण फायदा होतो, पण त्याची किंमत काही ठरावीक गावांतल्या ठरावीक माणसांना मोजावी लागते. अशा वेळी सरकारने त्या माणसांसाठी काय करावे? या प्रश्नावर अमेरिकेइतका दीर्घ प्रयोग दुसऱ्या कुठल्या देशाने केलेला नाही. त्या प्रयोगाची वाटचाल, त्यावर झालेले अभ्यास, त्याविषयीच्या प्रमुख भूमिका आणि अजून न सुटलेले मुद्दे यांचा हा आढावा आहे. आरंभीच एक गोष्ट नोंदवून ठेवायला हवी. या वादात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळलेले आहेत: भरपाई देणे न्यायाचे आहे का, दिलेल्या मदतीने कामगार पुन्हा उभा राहतो का, आणि अशा मदतीमुळे खुल्या व्यापाराला लोकांचा पाठिंबा टिकतो का. एकाने पहिल्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे आणि दुसऱ्याने ते तिसऱ्याच्या मापाने खोडायचे, असे वर्षानुवर्षे चालले आहे.

उगम

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचे धोरण आयातशुल्क उतरवण्याच्या दिशेने चालले होते. १९५३ साली आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत परराष्ट्र आर्थिक धोरणाचा विचार करण्यासाठी क्लॅरेन्स रँडॉल यांच्या अध्यक्षतेखाली एक आयोग बसला. पोलाद कामगारांच्या संघटनेचे अध्यक्ष डेव्हिड मॅकडोनल्ड त्याचे सदस्य होते. शुल्ककपातीला त्यांचा विरोध नव्हता. तिचा फटका ज्या कामगारांना आणि कंपन्यांना बसेल त्यांना सरकारने सावरावे, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आयोगाने ते स्वीकारले नाही. पण तेव्हा सिनेटर असलेल्या जॉन केनेडी यांनी ही कल्पना उचलून १९५४ मध्ये विधेयक मांडले आणि अध्यक्ष झाल्यावर १९६२ च्या व्यापार विस्तार कायद्यात तिला जागा दिली.

अर्थशास्त्रात तिला आधार होताच. निकोलस काल्डोर आणि जॉन हिक्स यांनी १९३९ मध्ये असे मांडले होते की, एखाद्या धोरणात ज्यांचा फायदा होतो ते तोटा सोसणाऱ्यांची भरपाई करूनही नफ्यात राहणार असतील, तर ते धोरण समाजाच्या हिताचे मानता येईल. ती भरपाई प्रत्यक्षात व्हायलाच हवी, अशी अट मात्र या कसोटीत नव्हती. केनेडींच्या कायद्याने ती भरपाई कागदावरून व्यवहारात आणायचा प्रयत्न केला.

पहिली काही वर्षे हा प्रयत्न कागदावरच राहिला. आयात वाढली आहे, ती मुख्यतः सरकारने दिलेल्या शुल्कसवलतीमुळे वाढली आहे, आणि नोकरी जाण्याचे मुख्य कारणही तीच आहे, हे सारे सिद्ध करावे लागे. निवाडा टॅरिफ कमिशनकडे असे. नोव्हेंबर १९६९ पर्यंत कामगारांचा एकही अर्ज मंजूर झाला नाही. मधल्या काळात कॅनडाशी झालेल्या १९६५ च्या मोटार कराराला जोडून स्वतंत्र मदतीची तरतूद होती, तेवढी काहींच्या कामी आली. कामगार संघटनांनी टीएएला ‘मर्तिकाचा विमा’ म्हणायला सुरुवात केली: माणूस वाचत नाही, क्रियाकर्माचा खर्च तेवढा निघतो. ज्या एएफएल-सीआयओ या कामगार महासंघाने १९६२ मध्ये कायद्याला पाठिंबा दिला होता, तीच संघटना सत्तरच्या दशकाच्या आरंभी आयातीवर कोटा घालणाऱ्या बर्क-हार्टके विधेयकाच्या बाजूला गेली.

सैल झालेले आणि पुन्हा आवळलेले नियम

१९७४ च्या व्यापार कायद्याने अटी सैल केल्या. आयात हे मुख्य कारण असण्याची गरज उरली नाही, नोकरी जाण्यात तिचा महत्त्वाचा वाटा असला की पुरे झाले. शुल्कसवलतीशी संबंध जोडून दाखवण्याची अटही गेली. निर्णय श्रम खात्याकडे आला. भत्ता आधीच्या पगाराच्या ७० टक्क्यांपर्यंत, साधारणपणे ५२ आठवडे मिळू लागला.

याची खरी परीक्षा झाली ती जपानी मोटारींच्या लाटेत. १९८० च्या आर्थिक वर्षात पाच लाखांहून अधिक कामगारांनी भत्ता घेतला आणि खर्च सुमारे १.६ अब्ज डॉलरवर गेला. त्यांत मोटारउद्योगातल्या कामगारांचा भरणा मोठा होता. पुष्कळ जण तात्पुरत्या लेऑफवर होते आणि पुढे त्याच कारखान्यात परतले. टीकाकारांनी विचारले, ही नव्या कामाकडे वळण्याची मदत आहे की बेरोजगारी भत्त्यावर दिलेली वरकड रक्कम? १९८१ मध्ये रेगन सरकारने भत्ता नेहमीच्या बेरोजगारी भत्त्याइतकाच केला आणि तो भत्ता संपल्यावरच टीएएचा सुरू होईल असे ठरवले. लाभार्थींची संख्या झपाट्याने घसरली. १९८८ च्या कायद्याने भत्त्यासाठी प्रशिक्षणाची अट घातली. तेव्हापासून ही योजना भरपाईपेक्षा पुनर्प्रशिक्षणाची योजना म्हणून ओळखली जाऊ लागली. पुढच्या अभ्यासांनी तिला याच मापाने जोखले, हे लक्षात ठेवायला हवे.

प्रत्येक करारामागे एक विस्तार

यानंतरचा इतिहास व्यापार करारांच्या तारखांवर बेतलेला आहे. नाफ्ता हा उत्तर अमेरिकेतला मुक्त व्यापाराचा करार मंजूर करून घेताना १९९३ मध्ये स्वतंत्र नाफ्ता-टीएए आली. उत्पादन मेक्सिको किंवा कॅनडात हलवणे हे प्रथमच मदतीचे कारण ठरले. २००२ मध्ये अध्यक्ष बुश यांना व्यापार करारांच्या वाटाघाटींचे जलद अधिकार देताना दोन्ही योजना एकत्र झाल्या. बंद कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्यांचे कामगार पात्र ठरले. आरोग्यविम्याच्या हप्त्याच्या ६५ टक्के रकमेएवढी करसवलत आली. पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी वेतनविमाही सुरू झाला. २००९ मध्ये सेवाक्षेत्र आत आले. २०११ चा विस्तार कोरिया, कोलंबिया आणि पनामा यांच्याशी झालेल्या करारांसोबत आला.

२०१५ मध्ये या जोडणीचे उलटे टोक दिसले. जलद अधिकारांचे विधेयक रोखण्यासाठी प्रतिनिधीगृहातल्या बहुतेक डेमोक्रॅट सदस्यांनी १२ जून रोजी टीएएच्याच विरोधात मत दिले आणि ती ३०२ विरुद्ध १२६ अशी पडली. दोन आठवड्यांत फेरजुळणी होऊन दोन्ही गोष्टी मंजूर झाल्या. पण कामगारांची मदत हे दोन पक्षांच्या सौद्यातले नाणे आहे, हे उघड झाले.

सेवाक्षेत्र आत येण्याच्या गोष्टीला भारताची बाजू आहे. कॉम्प्युटर सायन्सेस कॉर्पोरेशनच्या कनेक्टिकटमधल्या माजी कर्मचाऱ्यांनी, सॉफ्टवेअर बनवण्याचे आपले काम भारतात नेले गेले, म्हणून मदत मागितली. श्रम खात्याचे म्हणणे असे की, कायदा वस्तू बनवणाऱ्यांसाठी आहे आणि हाताला न लागणारे सॉफ्टवेअर वस्तू नव्हे. प्रकरण अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयात गेले आणि २००६ मध्ये खात्याने आपले धोरण बदलले. आपल्याकडे पुणे-मुंबईत याच काळात आऊटसोर्सिंगची कार्यालये उभी राहत होती. आपण त्या आऊटसोर्सिंगला नव्या नोकऱ्यांची लाट म्हणून ओळखतो. तिचे दुसरे टोक अमेरिकेच्या श्रम खात्याच्या फायलींत होते.

यंत्रणा कशी चालत असे

एकाच ठिकाणचे तीन कामगार मिळून अर्ज करू शकत. युनियन, कंपनी किंवा राज्याचे रोजगार कार्यालयही तो करू शके. श्रम खात्याचे तपासनीस कंपनीची विक्री, उत्पादन आणि आयात तपासत. कंपनीचे ग्राहक परदेशी मालाकडे वळले का याची विचारणा करत. निर्णयाला ४० दिवसांची मुदत होती. मंजुरी मिळाली की त्या कारखान्यातून अर्जाच्या आधीच्या एका वर्षात आणि मंजुरीनंतरच्या दोन वर्षांत कामावरून कमी झालेले सारे पात्र ठरत. मात्र प्रत्येकाला राज्याच्या कार्यालयात जाऊन वेगळी नोंद करावी लागे, मान्य अभ्यासक्रम निवडावा लागे आणि ठरलेल्या आठवड्यांत त्यात दाखल व्हावे लागे. २००२ च्या नियमांत ही मुदत मंजुरीनंतर ८ किंवा नोकरी गेल्यानंतर १६ आठवडे इतकी तोकडी होती. पुढे ती २६ आठवड्यांवर नेली गेली.

दोन कारखान्यांच्या उदाहरणांतून याचा अर्थ कळतो. मेटॅग कंपनीने इलिनॉयमधल्या गेल्सबर्गचा फ्रिजचा कारखाना २००४ मध्ये बंद करून उत्पादन मेक्सिकोतल्या रेनोसा शहरात नेले. सुमारे १,६०० नोकऱ्या गेल्या. इथे कारण उघड होते: तेच यंत्र, तोच माल, दुसरा देश. नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅनापोलिस गावाचे तसे नव्हते. तिथली पिलोटेक्स ही टॉवेल-चादरींची कंपनी ३० जुलै २००३ रोजी कोसळली आणि देशभरात साडेसहा हजारांच्या आसपास लोक एका दिवसात बेकार झाले. त्यांतले बहुसंख्य याच राज्यातले होते. कारखाना कुठे हलला नव्हता. स्वस्त आयात, डोईजड कर्ज आणि आधीचे एक दिवाळे यांच्या ओझ्याखाली तो बुडाला. आयातीचा वाटा मान्य होऊन मदत मिळाली. पण कामगारांत पन्नाशी ओलांडलेले आणि हायस्कूलही पूर्ण न केलेले लोक मोठ्या संख्येने होते. नव्या व्यवसायाचे शिक्षण घेण्याआधी त्यांना शालेय परीक्षेची तयारी करावी लागली. भत्त्याच्या आठवड्यांतले बरेचसे तिथेच खर्ची पडले.

अभ्यास काय सांगतात

नुकसान किती खोल असते, यावर फारसा वाद नाही. जेकबसन, लालोंड आणि सुलिव्हन यांनी १९९३ मध्ये पेन्सिल्व्हेनियातल्या जुन्या, अनुभवी कामगारांचा अभ्यास केला. डबघाईला आलेल्या कंपन्यांतून बाहेर पडलेल्यांची वार्षिक कमाई पाचसहा वर्षांनंतरही सुमारे २५ टक्क्यांनी कमी होती. ऑटर, डॉर्न आणि हॅन्सन यांच्या २०१३ च्या शोधनिबंधाने चिनी आयातीचा फटका गावागणिक मोजला. १९९९ ते २०११ या काळात त्या आयातीमुळे २० ते २४ लाख नोकऱ्या गेल्या, असा अंदाज आसेमोग्लू आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दिला. २००० साली अमेरिकेत कारखान्यांतल्या नोकऱ्या १ कोटी ७० लाखांहून अधिक होत्या. २०१० च्या आरंभी त्या १ कोटी १५ लाखांच्या आसपास आल्या.

ऑटर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात टीएएविषयी एक नेमके निरीक्षण आहे. आयातीचा दाब वाढला त्या भागांत सरकारी मदत वाढली खरी, पण टीएएतून नव्हे. अपंगत्व भत्त्यातली माणशी वाढ टीएएतल्या वाढीच्या जवळजवळ तीसपट होती. कारखान्यातून निघालेले अनेक जण पुन्हा कामावर येण्याऐवजी कामाच्या बाजारातूनच कायमचे बाहेर पडले. टीएए फार महाग आहे की फार लहान, या वादात हा आकडा दुसऱ्या बाजूला वजन टाकतो.

मदतीचा उपयोग होतो का, यावर मात्र दोन वेगळी चित्रे आहेत. मॅथेमॅटिका आणि सोशल पॉलिसी रिसर्च असोसिएट्स या संस्थांनी श्रम खात्यासाठी केलेले मूल्यमापन २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्यात टीएए घेणाऱ्यांची तुलना त्यांच्यासारख्याच इतर बेरोजगारांशी केली होती. पहिली दोन वर्षे लाभार्थी प्रशिक्षणात असल्याने त्यांची कमाई कमी असणार हे उघड होते. पण चौथ्या वर्षीही ती कमीच राहिली. समाजाच्या दृष्टीने हिशेब मांडला तर दर लाभार्थीमागे सुमारे ५४ हजार डॉलरचा तोटा, असा निष्कर्ष निघाला. विरोधकांनी तो पुढची दहा वर्षे उद्धृत केला.

बेंजामिन हायमन यांनी २०१८ मध्ये वेगळी वाट धरली. अर्ज कोणत्या तपासनिसाकडे जाईल हे जवळजवळ योगायोगाने ठरते, आणि काही तपासनीस सढळ असतात तर काही कडक. या फरकाचा उपयोग करून त्यांनी मंजुरी मिळालेल्या आणि थोडक्यात हुकलेल्या कामगारांची तुलना केली. प्रशिक्षणाच्या काळात सुमारे दहा हजार डॉलरच्या कमाईवर पाणी सोडावे लागते, पण दहा वर्षांच्या शेवटी लाभार्थींची एकूण कमाई सुमारे ५० हजार डॉलरने जास्त भरते, असे त्यांना आढळले. सर्वाधिक फटका बसलेल्या भागांत हा लाभ जास्त होता. त्यांच्या अभ्यासाला एक काळी किनारही आहे: वार्षिक लाभ हळूहळू ओसरतो आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास उरत नाही. शिकवलेले कौशल्यही कालांतराने शिळे होते, असा त्याचा एक अर्थ लावता येतो.

दोन्ही निष्कर्ष एकमेकांना जितके छेद देतात असे वाटते, तितके ते देत नाहीत. पहिल्याने चार वर्षे पाहिली, दुसऱ्याने दहा. पहिल्यात ज्यांना स्वतःहून चांगली नोकरी मिळण्याची आशा कमी होती तेच टीएएकडे वळले असण्याची शक्यता उरते. दुसऱ्याची पद्धत ती अडचण बऱ्याच अंशी टाळते, पण ती मंजुरीच्या उंबरठ्यावरच्या अर्जांबद्दलच ठामपणे बोलू शकते. पत्रकार एमी गोल्डस्टीन यांचे ‘जेन्सव्हिल’ हे २०१७ चे पुस्तकही इथे आठवायला हवे. विस्कॉन्सिनमधला जनरल मोटर्सचा कारखाना २००८ अखेर बंद झाल्यावर तिथल्या तंत्रमहाविद्यालयात शिकलेल्यांची स्थिती न शिकलेल्यांपेक्षा बरी नव्हती, असे त्यात दिसले. तो कारखाना मंदीत बंद पडला होता आणि गावात नव्या नोकऱ्याच नव्हत्या. प्रशिक्षणाने कामगार तयार होतो, नोकरी तयार होत नाही, ही मर्यादा मात्र तिथे ठळक झाली.

चार भूमिका

पहिली भूमिका न्यायाची. करार सरकार करते, स्वस्त मालाचा लाभ सारे घेतात, तेव्हा ज्यांच्या पोटावर पाय आला त्यांचे देणे सरकारवर येते. या मताचे लोक म्हणतात की मदतीचे मोल पुढच्या कमाईच्या आकड्यावर मोजू नये. रस्त्यासाठी जमीन घेतली तर आपण भरपाई देतो. मालकाने त्या पैशाचे काय केले ते विचारत नाही. २०१८ आणि २०१९ मध्ये चीनने उलटे शुल्क लावल्यावर अमेरिकी शेतकऱ्यांना एकूण २८ अब्ज डॉलरपर्यंतची मदत जाहीर झाली आणि तिला प्रशिक्षणाची अट नव्हती, याकडेही ते बोट दाखवतात.

दुसरी भूमिका समानतेची. यंत्रमानवामुळे, ग्राहकांची आवड बदलल्यामुळे किंवा कारखाना ओहायोतून टेक्ससला नेल्यामुळे बेकार झालेल्याचे दुःख वेगळे नसते. मग परदेशाचा संबंध असणाऱ्यालाच जादा हक्क का? या मताचे काही जण टीएए बंद करून सर्वसाधारण रोजगार योजनांवर भर द्या म्हणतात. काही जण उलट, टीएएतले लाभ साऱ्या बेरोजगारांना द्या म्हणतात. दोघांचा आक्षेप एकच आहे, उपाय मात्र दोन दिशांचे.

तिसरी भूमिका कामगार संघटनांची. मदत नको असे त्या म्हणत नाहीत; विस्ताराच्या अनेक प्रयत्नांना त्यांचा पाठिंबा राहिला आहे. पण ही मदत चुकीच्या करारांची माफी ठरू नये, असे त्यांना वाटते. तासाला चांगला पगार, आरोग्यविमा आणि पेन्शन असलेल्या नोकरीच्या बदल्यात अठरा महिन्यांचा अभ्यासक्रम आणि निम्म्या पगाराची नोकरी, ही तडजोड त्यांना मान्य नाही.

चौथी भूमिका गावाकडे पाहणारी. मुख्य कारखाना गेला की दुकाने, शाळांना मिळणारा कर, घरांच्या किमती हे सारे घसरते. एकेका कामगाराला दिलेला भत्ता ही घसरण थांबवू शकत नाही. म्हणून पैसा ठिकाणांना द्यावा, असे ही बाजू म्हणते. २००९ च्या कायद्यात गावांसाठी मदत होती, आणि पुढे सामुदायिक महाविद्यालयांना सुमारे दोन अब्ज डॉलरची अनुदाने दिली गेली. कॅनापोलिसला गिरणीच्या जागी उद्योगपती डेव्हिड मर्डॉक यांच्या पुढाकाराने जैवसंशोधनाचे संकुल उभे राहिले. जागेचे पुनर्वसन झाले. पण प्रयोगशाळेतल्या नोकऱ्या लूम चालवणाऱ्यांसाठी नव्हत्या. ठिकाणाला मदत म्हणजे तिथल्या जुन्या माणसांना मदत, असे गृहीत धरता येत नाही.

या सर्वांच्या पलीकडे राजकारणाचा हिशेब आहे. योतम मार्गालित यांनी २०११ मध्ये दाखवले की, परदेशी स्पर्धेमुळे नोकऱ्या गेलेल्या भागांत सत्ताधारी अध्यक्षाची मते इतर कारणांनी नोकऱ्या गेलेल्या भागांपेक्षा जास्त घटतात, पण टीएएची मंजुरी मिळाली असेल तर ही घट कमी होते. म्हणजे कमाईच्या मापाने कमी पडलेली मदत लोकांच्या रागाच्या मापाने उपयोगी ठरू शकते. दोन्ही मापे खरी आहेत, आणि ती एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

इतर देशांनी काढलेल्या वाटा

युरोपीय संघाने अमेरिकेकडे पाहूनच जागतिकीकरण समायोजन निधी उभारला. तो २००७ पासून चालू आहे. इथे कामगार नव्हे तर सदस्य देश अर्ज करतो आणि खर्चाचा काही वाटा स्वतः उचलतो. आरंभी एका वेळी हजार नोकऱ्या जाण्याची अट होती. ती पुढे ५०० वर आणि २०२१ मध्ये २०० वर आली. डेलने २००९ मध्ये आयर्लंडमधल्या लिमरिकचे उत्पादन पोलंडमधल्या वुच शहरात नेले, तेव्हा लिमरिकला या निधीतून मदत मिळाली. नोकऱ्या संघाबाहेर गेल्याच नव्हत्या. कारण शोधण्याची ही कसरत युरोपने शेवटी सोडून दिली: २०२१ पासून मोठी नोकरकपात कोणत्याही कारणाने झाली तरी अर्ज करता येतो. डेन्मार्क तर आधीपासूनच कारण विचारत नाही. तिथे कामावरून काढणे सोपे आहे, पण भत्ता सढळ आहे आणि प्रशिक्षणावरचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात अमेरिकेच्या कित्येक पट आहे.

भारतात व्यापाराला जोडलेली अशी योजना नाही. १९८६ चा वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी कायमच्या बंद पडलेल्या खासगी गिरण्यांसाठी होता. त्यात तीन वर्षे अनुक्रमे वेतनाच्या ७५, ५० आणि २५ टक्के रक्कम मिळे. बंद पडण्याचे कारण आयात होते की संप की व्यवस्थापन, हे तिथेही विचारले जात नव्हते.

न सुटलेले मुद्दे

पहिला मुद्दा कारणाचा. आयात, यांत्रिकीकरण आणि कंपनीचे चुकीचे निर्णय एकाच कारखान्यात एकत्र काम करतात. गेल्सबर्गसारखी स्वच्छ प्रकरणे कमी आणि कॅनापोलिससारखी गुंतागुंतीची जास्त. कारण सिद्ध करायला लावले की वेळ जातो आणि तपासनिसागणिक निकाल बदलतो. कारण विचारणे सोडले तर व्यापाराशी असलेले भरपाईचे नाते तुटते आणि खर्चही वाढतो.

दुसरा वयाचा. लाभार्थींचे सरासरी वय पन्नाशीच्या आसपास असे. दोन वर्षे शिकून हाती आलेले कौशल्य त्यांना दहापंधरा वर्षेच वापरता येते. वेतनविमा याला उत्तर देऊ पाहतो: कमी पगाराची नोकरी लगेच पत्करा, फरकातला निम्मा भाग सरकार दोन वर्षांत ठरावीक मर्यादेपर्यंत देईल. हायमन, कोवाक आणि लीव्ह यांनी पन्नास वर्षांच्या अटीच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कामगारांची तुलना केली, तेव्हा विम्याचा हक्क असलेले लवकर कामाला लागले आणि पुढे त्यांची एकूण कमाईही जास्त झाली. सरकारचा खर्च भत्त्यांतल्या बचतीतून आणि करांतून भरून निघतो, असाही त्यांचा हिशेब आहे. कमी पगार देणाऱ्या मालकांना हे छुपे अनुदान ठरेल, हा युनियनचा जुना आक्षेप मात्र या अभ्यासाने मिटत नाही. मोठ्या प्रमाणावर ही सोय दिल्यास पगारांवर काय परिणाम होईल, हेही लहान योजनेवरून सांगता येत नाही.

तिसरा पोहोचण्याचा. पात्र ठरलेल्यांपैकी पुष्कळ जण योजनेपर्यंत आलेच नाहीत. युनियन असलेल्या कारखान्यात अर्ज करणारे कुणी तरी असते. विखुरलेल्या, छोट्या कंपन्यांत योजनेची माहितीही नसते. तीन कामगारांनी अर्ज करण्याऐवजी सरकारनेच नोकरकपातीच्या नोटिशीवरून तपास सुरू करावा, अशी सूचना यातून पुढे आली आहे.

चौथा मुद्दा सर्वांत नवा. टीएएचे सारे नियम आयात वाढते आणि कारखाने बाहेर जातात या चित्रावर बेतले होते. २०१८ पासून अमेरिका शुल्क वाढवते आहे आणि इतर देश उलटे शुल्क लावत आहेत. निर्यात बुडाल्यामुळे किंवा कच्चा माल महागल्यामुळे ज्याची नोकरी जाते, तो जुन्या नियमांत बसत नाही. व्यापारामुळे झालेले नुकसान या व्याख्येत संरक्षणवादाने झालेले नुकसान धरायचे का, यावर गंभीर चर्चा अजून सुरूच झालेली नाही.

आजची स्थिती

२०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने चीनशी स्पर्धेच्या मोठ्या विधेयकात टीएएचे नूतनीकरण घातले होते. अंतिम चिप्स कायद्यात ते उरले नाही. रिपब्लिकन पक्षाला त्याबदल्यात वाटाघाटींचे जलद अधिकार हवे होते आणि डेमोक्रॅट सरकारला नवे व्यापार करारच नको होते. १९६२ पासून बहुतेक वेळा नवा करार आला की मदत वाढे. करार थांबले तेव्हा मदतीला ओढून नेणारे इंजिनच उरले नाही. कारखाने हलायचे मात्र थांबले नाहीत.

आजवरचा पुरावा एकत्र ठेवला तर एवढे म्हणता येते: नुकसान मोठे आणि दीर्घकाळ टिकणारे आहे, टीएए त्याच्या मानाने लहान होती, प्रशिक्षणाचा लाभ होतो, पण उशिरा होतो आणि टिकत नाही, वयस्कांसाठी वेतनविम्याचा पुरावा अधिक आश्वासक आहे. ही मदत देणे लागते का, हे मात्र पुराव्यावरून ठरणार नाही, आणि कारण विचारायचे की नाही हेही. नवा कायदा झालाच, तर तो भरपाईसाठी आहे, पुनर्प्रशिक्षणासाठी आहे की खुल्या व्यापाराचा पाठिंबा टिकवण्यासाठी, हे त्याला आधी ठरवावे लागेल. कारण तिन्ही हेतूंसाठी पात्रता वेगळी, रक्कम वेगळी आणि यश मोजायचे मापही वेगळे आहे. साठ वर्षे एकाच योजनेवर तिन्ही हेतू लादले गेले, आणि दर वेळी तिची परीक्षा त्यांतल्या एकाच्याच मापाने झाली.